शेजारच्या यादीतलं नाव

रवि. १ नोव्हें. ९८

तुळशीचं लग्न उरकलं. ऊस एकच आणला, त्याचेच तुकडे केले. मांडव झाला छान.

मंजूने ऑफिसातला जुना कॉम्प्युटर घरी आणलाय. महाप्याला त्यांच्याकडे नवे आले म्हणून जुने काढले. हॉलमध्ये शिवणाच्या टेबलावर ठेवला. यांचा आतल्या खोलीत आहेच. दिवसभर खपून मंजूने दोघांना वायर जोडली. आतल्या खोलीच्या झरोक्यातून निघून स्वयंपाकघराच्या दारावरून हॉलमध्ये. मधे देव्हारा. म्हटलं, देवांच्या डोक्यावरून वायर नको. "आई, त्यातून आपल्या कुळाचीच माणसं जाणारेत, देवांना चालेल." तरी वळवायला लावली. चार हात जास्त लागली.

आता फ्लॉपीची ने-आण बंद. हे निवृत्त झाल्यापासून कुलवृत्तांताच्या मागे आहेत, गावोगावच्या आपल्या आडनावाच्या घरांचे फॉर्म येतात, हे टाइप करतात, मी तपासते. गेल्या महिन्यात यांनी जुनी फ्लॉपी नवीवर चढवली आणि ठाण्याच्या दादाभावजींची अख्खी शाखा पुसून टाकली. पणजोबांपासून नातवंडांपर्यंत. दादाभावजी फोनवर म्हणाले, "काय रे, आमचा निर्वंश केलास!" हे हसले नाहीत.

मंगळ. ३ नोव्हें.

दुपारी हे आत टाइप करत होते. मी हॉलमध्ये. मंजूने शिकवलं तसं केलं, शेजारच्या चित्रावर दोनदा दाबलं. (इंग्रजीत लांब नाव आहे, मंजूने अर्थ सांगितला, मी शेजारच म्हणते. वायरीला जोडलेली सगळी मशीनं त्या यादीत दिसतात.) दोन छोटे कॉम्प्युटर आले. खाली नावं. माझं इंग्रजी मॅट्रिकचं, अक्षरं जुळवून वाचते. पहिलं मंजू.

दुसरं शिरीष.

पुन्हा वाचलं. शिरीषच.

भिंतीवरचं बटण बंद केलं. तसं करायचं नसतं. ओट्याशी जाऊन उभी राहिले. आतून यांच्या बोटांचा आवाज चालूच. भाजी करपली.

बुध. ४ नोव्हें.

मंजूला जिन्यात गाठून विचारलं. म्हणाली, "मी नाही ठेवलं, देवाशप्पथ. मीही परवा वायर जोडली तेव्हाच पाहिलं. मशीन घेताना दुकानवाला विचारतो नाव काय टाकू. बाबांनी सांगितलं असेल."

"दोन वर्षं आहे ते मशीन घरात."

"एकटं होतं ना. एकट्या मशीनला नाव कोण विचारतं? आता दुसऱ्याला जोडलं म्हणून दिसलं. बदलू का आई? दोन मिनिटांचं काम आहे."

नको म्हटलं. एवढ्या जोरात की खालच्या मजल्यावरच्या बाईंनी दार उघडून पाहिलं.

बारा वर्षांत यांनी ते नाव घरात काढलेलं नाही. "त्या साली" म्हणतात. "ते झालं तेव्हा" म्हणतात. आणि वाशीच्या दुकानात, अनोळखी माणसासमोर

शनि. ७ नोव्हें.

पाणी दोन तास उशिरा. पिंपं भरून घेतली.

दादाभावजींचा फोन. छापखाना ठरला, डिसेंबरच्या मध्यावर सगळं हवं. "सबंध कुळाचं झालं रे, तुझ्याच घराचं पान कोरं. सुईण सगळ्यांची बाळंतपणं करते आणि स्वतःचं?" हे म्हणाले, "मार्गशीर्षात बारा वर्षं पूर्ण होतात. मग भरतो."

पलीकडून फोन ठेवला. मी फोनजवळच कणीक मळत होते, सगळं ऐकू आलं.

सोम. ९ नोव्हें.

लिहू की नको. लिहितेच.

हे सकाळी मशीन बंद करून बँकेत गेले. मी स्वतः बघितलं, आतली खोली अंधारी, पडद्यावर ओलं फडकं फिरवलं मी. मग हॉलमध्ये येऊन शेजार उघडला. नाव तिथंच. मंजू आणि शिरीष. आत जाऊन पुन्हा मशीनला हात लावून आले. थंड.

स्तोत्र म्हणत बसले समोर. चौथ्या-पाचव्या वेळी उघडलं तेव्हा गेलं होतं. गेलं तेव्हाच जास्त भीती वाटली.

संध्याकाळी मंजू म्हणाली, "असं होतं गं. मशीन गेलं तरी यादीला लगेच कळत नाही. थोडा वेळ ती धरून चालते की आहे."

"किती वेळ?"

"अर्धा तास. पाऊण तास. आई, रडू नकोस ना. तांत्रिक गोष्ट आहे."

गुरु. १२ नोव्हें.

हे आत. मी आपल्या शाखेची फाइल उघडायला गेले. चौकट आली. इंग्रजीत. कागदावर उतरवून घेतली, मंजूकडून वाचून घेतली: ही फाइल सध्या शिरीष वापरत आहे. तुम्ही फक्त वाचू शकता.

माहीत आहे की आत हे बसलेत. आरामखुर्चीची काठी करकरते तीही ऐकू येते. तरी पाच मिनिटं मी तशीच बसले. तो आत आहे. फाइल वापरतोय. तिसऱ्या खोलीत.

हे फाइल बंद करून चहाला उठले तेव्हा पुन्हा उघडली. आमचं पान यांनी भरायला घेतलंय. हे. खाली मी, माहेरच्या नावासह. मग शिरीष. जन्म बरोबर. शिक्षण, तंत्रनिकेतन दुसरं वर्ष, अपूर्ण. मग मृत्यूचा रकाना. त्यात: मार्गशीर्ष वद्य पंचमी, शके १९०८.

तो घरातून गेला ती तिथी.

त्या दिवशी तो जिवंत होता. त्या दिवशी सकाळी त्याने दीड भाकरी खाल्ली, ठेच्याबरोबर, आणि अर्धी राहू दे म्हणाला. अर्धी मी झाकून ठेवली. ज्या दिवशी भाकरी खाऊन गेला त्या दिवशी मेला कसा?

खोडलं. रकाना रिकामा करून ठेवला.

शनि. १४ नोव्हें.

परत लिहिलेलं. तीच तिथी. परत खोडलं.

रवि. १५ नोव्हें.

परत. खोडलं. जेवताना यांनी मीठ मागितलं, मी दिलं. आमटीला फोडणी छान बसलीय म्हणाले. बाकी काही नाही.

मंगळ. १७ नोव्हें.

परत. पण या वेळी तिथीच्या शेवटी टिंब होतं, आधी नव्हतं. ठासून दिलेलं. स्टोअरकीपर होते तेव्हा रजिस्टरात पान संपलं की हे असंच टिंब देत. तरी खोडलं.

बुध. १८ नोव्हें.

आज एक युक्ती केली. मंजू ऑफिसला गेली, हे अंघोळीला, तेवढ्यात मी इकडून फाइल उघडली आणि बंदच केली नाही. भाजी निवडली, गहू पाखडले, फाइल उघडीच.

अकराच्या सुमारास हे बाहेर आले. चष्मा कपाळावर.

"मंजू आज घरी आहे का?"

"नाही. सकाळीच गेली."

"मग हे काय म्हणतंय, मंजू फाइल वापरतेय म्हणून?"

"मी आहे."

यांनी हॉलमधल्या पडद्याकडे पाहिलं. रकाना रिकामा दिसत होता. खुर्ची ओढून बसले, मधे टेबल.

"बंद कर ती."

"नाही करत."

लग्नाला तेहेतीस वर्षं झाली, असं मी यांना कधी म्हटलेलं नाही. गव्हाचं सूप मांडीवर होतं, ते धरून ठेवलं.

हे म्हणाले, "त्याला गती नको का? कुठं पडला असेल, कुणी पाणी दिलं नसेल. बारा वर्षं तहानलेला ठेवायचा? तू एवढी देवाधर्माची."

म्हटलं, "आणि असला तर? जिवंत माणसाला पिंड द्यायचा?"

"असता तर पोस्टकार्ड टाकलं असतं."

"कुणाला टाकेल? तुम्हीच म्हणालात ना, रजिस्टरातून तुझं नाव खोडलं."

हे मला म्हणायचं नव्हतं. बारा वर्षं म्हटलं नव्हतं. त्या दिवशी कळलं होतं की शिरीषने फी भरलीच नाही, परीक्षेला बसलाच नाही, चार महिने कळंबोलीला ट्रकवर क्लीनरच्या कामाला जातोय. घरून डबा घेऊन, पुस्तकं घेऊन. हे दारात उभे होते. "माझ्या स्टोअरमधनं एक नट गेला तरी मला कळतं. समज, रजिस्टरातून तुझं नाव खोडलं." तो चपला घालत होता. मान वर नाही केली. मंजू तेव्हा बारा वर्षांची, पाढे म्हणत होती, ती थांबली.

हे उठले. आत गेले. मशीन बंद केल्याचा आवाज आला.

मी फाइल तशीच ठेवली. शेजार उघडला. नाव होतं. बघत बसले जाईपर्यंत.

गुरु. १९ नोव्हें.

अमावस्या. काही लिहिण्यासारखं नाही. हे जेवले नाहीत. मीही नाही.

रवि. २२ नोव्हें.

आम्ही दोघं गुरुजींकडे गेलो. सीवूड्सला राहतात, तिसरा मजला, लिफ्ट बंद. यांनीच सांगितलं चल म्हणून.

गुरुजी बोलके. म्हणाले, "बारा वर्षं वाट पाहिलीत, शास्त्राने सांगितलेली मुदत पाळलीत. आता पर्णशर करायचं. पळसाच्या पानांचे तीनशेसाठ देठ, त्यांचा पुतळा. डोक्याला इतके, हाताला इतके, ते मी बघतो. त्याला अग्नी. मग पुढचं सगळं नेहमीसारखं. नाशिकला माझे मेहुणे आहेत, घाटाजवळ, तिथं सोय होईल."

मी विचारलं, "आणि नंतर आला तर?"

मला वाटलं हसतील. हसले नाहीत. "त्याचीही सोय आहे, वहिनी. त्याला तुपाने न्हाऊ घालायचं. मग तो नवीन जन्मला असं धरायचं. जातकर्म, बारसं, मुंज, सगळं पहिल्यापासून. लग्न झालेलं असेल तर त्याच बायकोशी पुन्हा."

"बारसं सुद्धा?"

"नाव नको का ठेवायला? पहिलं तर गेलं ना अग्नीत."

हे खिडकीबाहेर बघत होते. मग गुरुजी यांना म्हणाले, "एक आहे. संकल्पात नाव तुम्हालाच मोठ्यानं उच्चारावं लागेल. वडील आहात. गोत्र, नाव, आणि पुढे प्रेत म्हणायचं. पुष्कळदा म्हणावं लागतं. काहींचा आवाज बसतो, म्हणून आधी सांगून ठेवतो."

हे म्हणाले, "हो हो." उतरताना प्रत्येक मजल्यावर थांबले. दम लागला म्हणाले.

बुध. २५ नोव्हें.

मंजू आमच्यावर खवळली. ऑफिसातून आली, फाइल उघडली, तारखा पाहिल्या. कोण कधी काय साठवतं ते त्यात दिसतं म्हणे.

"एका घरात राहता, दोघांच्या मधे पाच पावलं. आणि फाइलमधून भांडता! ह्यांनी लिहायचं, हिने खोडायचं. मी वायर कुलवृत्तांतासाठी टाकलीय, तुमच्या अबोल्यासाठी नाही. माझाही भाऊ आहे तो. मला विचारलंय कुणी?"

मी विचारलं, "तुला काय वाटतं?"

ती बॅगेचा पट्टा गुंडाळत होती. मग म्हणाली, "मला त्याचा आवाज आठवत नाही आई. चेहरा आठवतो. आवाज गेला."

हे आतून ऐकत होते. आरामखुर्चीचा आवाज थांबला होता.

गुरु. २६ नोव्हें.

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. घट मांडला, कहाणी वाचली. दर वर्षी कहाणीत राणीचं सगळं हरवलेलं परत मिळतं तिथं माझा आवाज चढतो. आज मुद्दाम सपाट वाचलं.

फाइल नाही उघडली. यांनीही नाही उघडलेली, तारीख बघितली.

रवि. २९ नोव्हें.

हे सकाळी ठाण्याला दादाभावजींकडे जातो म्हणून गेले. दुपारी दोन वाजता दादाभावजींचा फोन, हा कुठाय म्हणून. म्हटलं अंघोळीला. खोटं बोलले, रविवारचं.

पाचला आले. चपलांच्या तळव्याला काळं ग्रीस. पायऱ्यांवर पुसत होते, निघत नव्हतं. मी रॉकेलचा बोळा दिला. ठाण्याला कुठं ग्रीस. पहिली तीन वर्षं दर रविवारी जात, कळंबोलीला, ट्रक उभे असतात तिथं फोटो दाखवत. मग थांबले. निदान मला वाटलं थांबले.

काही विचारलं नाही. चहा दिला. बशीत ओतून घेतला आणि म्हणाले, "तिथला चहावाला बदललाय. ओळखीचं कुणी नाही राहिलं."

"फोटो नेला होतात?"

"नेला होता. नवा मुलगा म्हणाला, काका, हे आता एकतीस-बत्तीसचे असतील ना, ह्यावरून कसं ओळखायचं."

बत्तिसावं चालू आहे. मी त्याला कधी बत्तीसचा बघितलाच नाही, मनात सुद्धा.

मंगळ. १ डिसें.

दादाभावजींचा पुन्हा फोन. सगळी फाइल फ्लॉपीवर पंधरा तारखेपर्यंत हवी. यांनी सांगितलं देतो. नाशिकचं पंचमीचं ठरलंय, आठ तारखेला, मंगळवारी. सात तारखेला सकाळच्या एसटीने निघायचं. गुरुजींनी यादी दिली: दर्भ, तीळ, तूप, नवं पांढरं वस्त्र. तिसऱ्या ओळीत मयताचं नाव लिहायला जागा होती, हे यादी घेऊन तशीच माझ्यापुढे ठेवून गेले. मी पेन उचललं नाही. यादी साखरेच्या डब्याखाली आहे.

गुरु. ३ डिसें.

दत्तजयंती. देवळात गेलो, दोघं. गर्दी. परत येताना स्टेशनजवळच्या बाकावर हे बसले. म्हणाले, "तू म्हणालीस तरच करायचं. तू नको म्हणालीस तर मी पुतळाही करणार नाही आणि पुस्तकात रकानाही भरणार नाही. मग मी मेल्यावर माझ्यामागं कुणी काही विचारू नये."

"आणि तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटून काय. मला एकदा वाटलं ते बोलून बसलो."

म्हटलं, "मशीनचं नाव बघितलंय मी."

हे म्हणाले, "दुकानातल्या पोराने विचारलं, नाव काय ठेवू. माझ्या तोंडातून तेच आलं. मी पुढं दुरुस्त करायला गेलो होतो. तेवढ्यात त्याने बिल केलं."

एवढं बोलताना सुद्धा नाव घेतलं नाही. तेच आलं, म्हणाले.

शुक्र. ४ डिसें.

आज मी फाइल उघडली. चौकट नाही आली, मोकळी होती. शिरीषची ओळ. मृत्यूचा रकाना रिकामा. मी खोडल्यानंतर यांनी पुन्हा भरला नव्हता.

त्या रकान्यात बाण ठेवून किती वेळ बसले. हो म्हणायचं असेल तर मला काय लिहावं लागेल ते बघत होते. पंचमी लिहवेना. आठ डिसेंबरही लिहवेना, त्या दिवशी पळसाचे देठ जळणार, दुसरं काही नाही.

नाही म्हणायचं असेल तर रिकामा ठेवायचा. पुस्तक छापून झालं की जिवंत माणसांसारखा. मग तो कुठं पडला असेल तर तहानलेला. आणि मी मेल्यावर मला भेटला तर म्हणेल, आई, तू पण नाही दिलंस पाणी.

काही न लिहिता बंद केली. मशीन विचारतं, बदल साठवू का? बदल केलाच नव्हता. मग का विचारतं.

शनि. ५ डिसें.

मंजूने रजा टाकलीय, ती पण येते म्हणाली. एसटीची तिकिटं काढून आणली, तीन. ती टेबलावर आहेत. यांनी एक उचलून वाचलं आणि ठेवलं.

गुरुजींचा निरोप: होय-नाही उद्या रात्रीपर्यंत कळवा, देठ जमवायला माणूस पाठवायचाय.

रवि. ६ डिसें.

सकाळी सगळं नेहमीचं. धुणं, देवपूजा, मंजूचे केस धुतले. बॅग काढून ठेवली, भरली नाही.

चारच्या सुमारास मी ओट्याशी ताक घुसळत होते. हे आतल्या खोलीत, दार लोटलेलं. मशीन बंद होतं. मला आधी नुसतं खाकरल्यासारखं ऐकू आलं. मग पुटपुट. गोत्राचं नाव. थांबले. परत गोत्र. गुरुजींनी सांगितलेलं म्हणून बघत होते, जमतंय का.

मग नाव घेतलं. "शिरीष."

पुढचा शब्द आला नाही. मी रवी धरून उभी. परत म्हणाले, "शिरीष." पहिल्यापेक्षा मोठ्यानं. पुढचा शब्द नाहीच. तिसऱ्यांदा घेतलं तेव्हा ते म्हणणं राहिलं नव्हतं, हाक झाली होती. संध्याकाळी कामावरून आल्यावर दारातून मारत तशी, शेवट लांबवून. "शिरीऽष."

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ताकाकडे बघतच, जसं तेव्हा रोज निघायचं, "अहो, आला नाही अजून."

मंजू हॉलमधून दारात येऊन उभी राहिली, केस ओले, माझ्याकडे बघत.

थोड्या वेळाने यांचा आवाज आला. "बरं."

आता साडेसात. देवापाशी दिवा लावला. गुरुजींना फोन करायचाय. फोनपाशी यांनी खुर्ची ठेवलीय, पण हे तिथं बसलेले नाहीत, मीही नाही. तिघांची पानं घेते आता.